डोमेन दिलं, पैसे आले आणि मग परत गेले: विक्रेत्यांची नेहमीची अडचण आणि तिचा बंदोबस्त

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, विकणाऱ्यांची तक्रार जवळजवळ सारख्याच शब्दांत येते. खरेदीदार भेटला, भाव ठरला, पैसे खात्यात दिसले, म्हणून ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त कोड) दिला. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी ठेवणाऱ्या कंपनीकडे) गेलं. काही आठवड्यांनी पेमेंट कंपनीचा मेल आला की व्यवहारावर डिस्प्यूट (पैसे परत मागणारी तक्रार) दाखल झालाय आणि रक्कम रोखून धरली आहे. मग रक्कमही गेली, वर चार्जबॅकची, म्हणजे कार्डाच्या बँकेने पैसे मागे घेतल्याची, फी कापली गेली. डोमेन तोवर तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर.

दुसरा प्रकार याहून कोरडा. पैसे कधी आलेच नव्हते, आल्याचं सांगणारा मेल तेवढा आला होता. शेवट दोन्हींचा एकच, पण उपाय वेगळे. त्यामुळे आपण नेमके कुठे अडकलोय ते आधी बघायचं.

कोड देऊन बसलाय आणि आता शंका येतेय

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण इथे तास मोजावे लागतात.

कोड दिला पण समोरच्याने अजून ट्रान्सफर सुरू केलं नसेल, तर रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन डोमेनला लॉक लावा आणि कोड नव्याने तयार करा. नवा कोड निघाला की जुना बाद होतो. काही रजिस्ट्रारकडे त्यासाठी वेगळं बटण नसतं, तिथे सपोर्टला सांगून कोड बदलून घ्या. नंतर आयकॅनच्या (डोमेनच्या नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या) लुकअपवर, म्हणजे नोंदणी दाखवणाऱ्या पानावर, डोमेन टाकून बघा. ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असं स्टेटस दिसलं म्हणजे कुलूप लागलं.

ट्रान्सफर सुरू झालं असेल तर तिथे ‘पेंडिंग ट्रान्सफर’ दिसेल. आता लॉक लावून भागत नाही, विनंती आधीच नोंदली गेलेली असते. पण डॉट कॉमसारख्या एक्स्टेन्शनमध्ये जुन्या रजिस्ट्रारकडे 5 दिवस असतात आणि डोमेनधारकाने स्पष्ट हरकत घेतली तर तो ट्रान्सफर नाकारू शकतो. रजिस्ट्रारकडून आलेल्या मेलमध्ये बहुधा मंजुरीची आणि रद्द करण्याची सोय असते. रद्द करा, आणि तेवढ्यावर न थांबता रजिस्ट्रारला चॅटवर किंवा फोनवर गाठून हरकत लेखी नोंदवा. ‘तेवढं मंजूर करून टाका, म्हणजे लवकर होईल’ असा लकडा खरेदीदार लावत असेल, तर तो नेमके हेच 5 दिवस तुमच्याकडून काढून घेतोय हे ओळखा. मंजुरी दिली की डोमेन लगेच जातं.

एकाच रजिस्ट्रारकडे या खात्यातून त्या खात्यात पुश केलं असेल, तर डोमेन निदान त्याच छताखाली आहे. रजिस्ट्रारच्या अब्यूज किंवा फ्रॉड विभागाला ताबडतोब लिहा आणि डोमेन गोठवायला सांगा. मेलमध्ये पहिल्या दोन ओळींत डोमेनचं नाव, पुशची तारीख-वेळ आणि ‘पेमेंट फसवं निघालं’ एवढंच ठेवा. सगळी हकीकत खाली येऊ द्या. ती आधी लिहिली तर मेल सामान्य तक्रारींच्या ढिगात जातो.

मुळात असं का होतं

डोमेन आणि पैसा यांची परतीची वाट सारखी नाही, सगळं दुखणं तिथे आहे. पुश काही मिनिटांत होतो, ट्रान्सफर फार तर आठवडाभरात. एकदा झालं की परत आणायचं हुकमी साधन विक्रेत्याच्या हातात उरत नाही. पैसा मात्र महिनोन्‌महिने मागे फिरू शकतो. पेपालवर खरेदीदाराला डिस्प्यूटसाठी 180 दिवस मिळतात. विझा आणि मास्टरकार्डच्या बहुतेक चार्जबॅकची मुदत 120 दिवसांच्या आसपास असते.

आता याच्याशेजारी आयकॅनचा नियम ठेवा. रजिस्ट्रार बदलल्यावर, किंवा नोंदणीतलं मालकाचं नाव बदलल्यावर, साधारण 60 दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. विक्रेत्यांना वाटतं, चला, 60 दिवस तरी पळवून नेता येणार नाही. पण कार्डाचा चार्जबॅक तिसऱ्या-चौथ्या महिन्यातही येऊ शकतो आणि तोवर हे कुलूप निघालेलं असतं. शिवाय नाव बदलल्यावर लागणारं लॉक नको, असं आधीच सांगून ते टाळण्याची मुभा काही रजिस्ट्रार देतात. त्यामुळे या 60 दिवसांच्या भरवशावर व्यवहार करू नका. झाला तर त्याचा फायदा, एवढंच.

आयकॅनकडे तक्रार करून डोमेन परत मिळेल, ही समजूतही इथे सोडून द्यावी लागते. यूडीआरपी ही प्रक्रिया ट्रेडमार्कच्या वादांसाठी आहे. ट्रान्सफरच्या वादांसाठी वेगळी प्रक्रिया आहे, पण ती रजिस्ट्रारने दाखल करायची असते आणि तिच्यात ट्रान्सफरचे नियम मोडले का एवढंच पाहिलं जातं. तुम्ही स्वतः लॉक काढून स्वतः कोड दिला असेल तर नियमांच्या लेखी ट्रान्सफर रीतसरच झालं. किंमत मिळाली नाही हा तुमचा आणि खरेदीदाराचा करारभंग. त्यासाठी पोलीस आणि कोर्ट.

कोर्टात न्याय मिळतो, पण कसा, ते सेक्स डॉट कॉमच्या खटल्यात दिसलं. गॅरी क्रेमेन यांनी 1994 मध्ये नोंदवलेलं हे डोमेन 1995 मध्ये बनावट पत्राच्या जोरावर दुसऱ्याच्या नावावर गेलं. ते परत मिळायला 2000 साल उजाडलं. 2001 मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल लागला, पण प्रतिवादी देशाबाहेर पळाला आणि बहुतेक रक्कम वसूल झालीच नाही. 2003 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने डोमेन ही चोरली जाऊ शकणारी मालमत्ता असल्याचं मान्य केलं. विक्रेत्यांच्या बाजूचा हा मोठा निकाल आहे. पण तो क्रेमेन यांनी इतकी वर्षं झुंजून मिळवलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

‘पैसे जमा’चा मेल

खोट्या मेलचा साचा फारसा बदलत नाही. वर पेमेंट कंपनीचा लोगो, खाली बरोबर ठरलेली रक्कम, खरेदीदाराचं नाव, लांबलचक व्यवहार क्रमांक. मग एक वाक्य येतं: रक्कम मंजूर झाली असून, डोमेन हस्तांतराचा पुरावा मिळताच ती तुमच्या खात्यात दिसेल. याच वाक्यात सगळी फसवणूक आहे. एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारी तिऱ्हाईत सेवा) नसलेली पेमेंट कंपनी अशी अट घालत नाही. पैसे आले असतील तर ते व्यवहारांच्या यादीत दिसतात. रोखून धरले असतील तरी तसं त्या यादीतच लिहिलेलं असतं.

म्हणून मेलमधली लिंक न उघडता ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून खात्यात शिरा. मेल कुठून आला हे बघताना दिसणाऱ्या नावावर जाऊ नका, पूर्ण पत्ता उघडून बघा. उत्तर द्यायला गेल्यावर पत्ता बदलून कुठल्यातरी फुकटच्या मेल सेवेचा होत असेल, तर तिथेच व्यवहार संपला.

याच घराण्यातला आणखी एक डाव आहे. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम येते आणि ‘चुकून जास्त गेले, जास्तीचे आमच्या ब्रोकरला पाठवा’ असा निरोप येतो. जास्तीचे पैसे तुम्ही खरे पाठवता, मूळ रक्कम नंतर खोटी निघते. चेकवर हे सर्रास चालतं, कारण अमेरिकेसारख्या देशांत बँक चेकची रक्कम वापरायला आधी देते आणि चेक परत आल्याचं नंतर कळतं. डोमेनच्या व्यवहारात चेक घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा एस्क्रो, खोटा एस्क्रो

अनोळखी खरेदीदाराशी थेट व्यवहार करण्यापेक्षा एस्क्रो कधीही बरा. तिऱ्हाईत संस्था पैसे आधी आपल्याकडे घेते, ते खरे आहेत का हे तपासते, मग विक्रेत्याला डोमेन द्यायला सांगते आणि खरेदीदाराने मिळाल्याचं मान्य केल्यावर पैसे सोडते. डोमेनवाल्यांत एस्क्रो डॉट कॉम 1999 पासून आहे, सेडोसारख्या डोमेन विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांची स्वतःची हस्तांतर सेवा असते.

फसवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणून ते स्वतःहून एस्क्रो सुचवतात. विक्रेता निर्धास्त होतो. सुचवलेली साइट अगदी व्यवस्थित दिसते: चॅट आहे, परवान्याचा क्रमांक आहे, ग्राहकांचे अभिप्राय आहेत. तुम्ही खातं उघडता, तिथे ‘निधी सुरक्षित’ असा हिरवा शिक्का दिसतो आणि तुम्ही डोमेन सोडता. पैसे कुणी भरलेलेच नसतात, शिक्का त्यांच्याच माणसाने लावलेला असतो.

इथे डोमेनवाल्याला बाकीच्यांपेक्षा एक सोय जास्त आहे. त्या एस्क्रो साइटचंच डोमेन लुकअपमध्ये टाका आणि नोंदणीची तारीख वाचा. ‘वीस वर्षांची विश्वासार्ह सेवा’ म्हणणाऱ्या साइटचं डोमेन मागच्याच महिन्यात नोंदवलेलं असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही. तारीख जुनी असली तरी ती एकटी पुरत नाही, कारण जुनी सुटलेली डोमेन विकत घेऊनही असे उद्योग होतात. परवाना देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या स्वतःच्या साइटवर जाऊन क्रमांक, कंपनीचं नाव आणि वेबसाइटचा पत्ता तिन्ही जुळवा. परवान्याचा क्रमांक खऱ्या कंपनीचा चोरून आपल्या पानावर छापणं अवघड नाही. पत्ता मात्र जुळत नाही.

नामांकित एस्क्रोच्या नावाने येणारी लिंकही तशीच तपासा. मधे एक आडवी रेघ, एखादं जास्तीचं अक्षर, वेगळं एक्स्टेन्शन, किंवा रोमन ‘ए’च्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं सिरिलिक (रशियनसारख्या भाषांच्या लिपीतलं) अक्षर. हा शेवटचा प्रकार डोळ्यांना कळत नाही, पण असा पत्ता कॉपी करून साध्या मजकुरात टाकला की बऱ्याचदा ‘एक्सएन’ने सुरू होणारं त्याचं खरं रूप उघडं पडतं.

माझा नियम सरळ आहे. एस्क्रो कोणताही ठरो, व्यवहार मी उघडणार, माझ्या बुकमार्कमधून उघडणार, आणि ‘निधी मिळाला’ हे मी माझ्या खात्यात लॉगिन करून वाचणार. खऱ्या खरेदीदाराची याला ना नसते. फी कुणी भरायची यावर घासाघीस होऊ शकते, ती होऊ द्या.

पैसे देणारा कोण

चोरलेल्या कार्डातून किंवा हॅक झालेल्या खात्यातून पैसे आले असतील, तर व्यवहार त्या क्षणी शंभर टक्के खरा दिसतो. रक्कम खरी, खातं खरं, फक्त माणूस खोटा. खरा खातेदार जागा होतो तेव्हा पैसे मागे जातात.

यावर उपाय म्हणजे तीन नावं शेजारी शेजारी ठेवणं: बोलणी करणाऱ्याचं, पैसे पाठवणाऱ्या खात्यावरचं, आणि डोमेन ज्या रजिस्ट्रार खात्यात जाणार तिथलं. कंपनीसाठी खरेदी असेल तर तीन नावं वेगळी असू शकतात, पण मग त्यांचा एकमेकांशी संबंध दाखवता आला पाहिजे. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून एक मेल येऊ द्या, कंपनीच्या साइटवरच्या नंबरला आपण फोन करा. ‘पैसे माझा भागीदार पाठवेल’ हे वाक्य आणि भागीदाराचं खातं भलत्याच देशातलं, असं असेल तर थांबा आणि विचारा. घाई आहे म्हणून विचारायचं राहून गेलं, हे मी फार विक्रेत्यांकडून ऐकतो. एकदा विचारल्याने खरा खरेदीदार निघून गेला, असं सांगणारे मात्र क्वचितच भेटतात.

पेपालवर मित्र-नातेवाईकांसाठी असलेल्या पर्यायातून पैसे मागवले की डिस्प्यूट येत नाही, असा एक सल्ला फिरत असतो. तो धरू नका. त्या पर्यायात खरेदीदाराला खरेदीचं संरक्षण नसतं हे खरं, पण पैसे कार्डातून आले असतील तर कार्डाच्या बँकेकडून चार्जबॅक येऊ शकतो, आणि हॅक झालेल्या खात्याचा मालक तक्रार करायची ती करतोच. विक्रीसाठी तो पर्याय वापरणं मुळात नियमांविरुद्ध आहे, म्हणजे वाद झाला की तुमचीच बाजू लंगडी पडते.

बँकेची वायर ट्रान्सफर या सगळ्यांत जास्त पक्की, पण पाठवणारं खातंच हॅक झालेलं असेल तर त्याची बँक रक्कम परत मागू शकते. रक्कम आल्याची खात्री स्वतःच्या बँकेकडून करून घ्या. खरेदीदाराने पाठवलेली पावतीची पीडीएफ खात्री म्हणून धरायची नाही. क्रिप्टोत परतीचा धोका नाही, तिथे धोका आल्याच्या भासाचा आहे: पुष्टी न झालेला (ब्लॉकचेनवर अजून पक्का न नोंदलेला) व्यवहार, किंवा नाव यूएसडीटी (डॉलरशी जोडलेलं क्रिप्टो टोकन) पण कॉन्ट्रॅक्ट पत्ता, म्हणजे टोकनची ब्लॉकचेनवरची ओळख, भलताच असलेलं बनावट टोकन. बिटकॉइनला 6 पुष्ट्या होईपर्यंत थांबण्याचा जुना संकेत आहे, तो पाळा. टोकन असेल तर जारी करणाऱ्या कंपनीच्या साइटवरून कॉन्ट्रॅक्ट पत्ता घेऊन जुळवा.

डिस्प्यूट आलाच तर

पहिल्यांदा कारण वाचा. ‘माल मिळाला नाही’ आणि ‘व्यवहार मी केलाच नाही’ या दोन तक्रारी वेगळ्या लढाया आहेत.

पहिलीत पुराव्याला वजन असतं. हस्तांतराच्या आधीची आणि नंतरची लुकअप नोंद तारखेसकट, पुश स्वीकारल्याचा रजिस्ट्रारचा मेल, ‘मिळालं, धन्यवाद’ हे खरेदीदाराचं उत्तर, नवे नेमसर्व्हर (डोमेन कुठे वळवायचं ते सांगणारे सर्व्हर) आणि त्या डोमेनवर आता चालू असलेल्या साइटचा स्क्रीनशॉट. हे सगळं व्यवहाराच्याच दिवशी एका फोल्डरमध्ये ठेवायचं. नंतर शोधायला गेलात तर जुनी लुकअप नोंद मिळत नाही, मालकाचं नाव लपवणारी प्रायव्हसी लागलेली असते. तक्रार वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला डोमेन म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही. त्याला दोन वाक्यांत सांगा की ही वस्तू पार्सलने जात नाही, तिचा ट्रॅकिंग क्रमांक नसतो, आणि सोबतची नोंद हीच पोच आहे.

दुसरीत हाच पुरावा अपुरा पडतो, कारण डोमेन पोचलं असलं तरी कार्डाच्या खऱ्या मालकाकडे पोचलेलं नाही. पेमेंट कंपनीकडून ही लढाई जिंकण्याची आशा कमी. तेव्हा सगळा जोर डोमेनच्या बाजूला लावा. लगेच पोलिसांत लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक दोन्ही रजिस्ट्रारना कळवा. तुमचा जुना रजिस्ट्रार नव्या रजिस्ट्रारच्या माणसांशी थेट बोलू शकतो, त्यासाठी त्यांच्यात आणीबाणीची संपर्क व्यवस्था असते. तीच विनंती जुन्या रजिस्ट्रारकडे लावून धरा. डोमेन पुन्हा विकायला काढलं गेलं असेल तर त्या बाजारालाही तक्रारीची प्रत पाठवा. चोरीचा संशय असलेली विक्रीची जाहिरात उतरवायला बाजार बऱ्याचदा तयार होतात, आणि पुढचा निष्पाप खरेदीदार मधे आला की तुमचं काम दुप्पट अवघड होतं.

याच काळात खरेदीदाराचा गोड मेल येऊ शकतो: ‘रक्कम क्रिप्टोने परत द्या, मी डिस्प्यूट मागे घेतो.’ देऊ नका. ते पैसे जातील, डिस्प्यूट तसाच राहील. परतावा द्यायचाच तर ज्या वाटेने पैसे आले त्याच वाटेने.

रक्कम लहान असेल तर

एस्क्रोची फी परवडत नाही असे व्यवहार असतातच, आणि जाळ्यात जास्त करून तेच सापडतात. अशा वेळी डोमेन एखाद्या बाजारावर ठरलेल्या किमतीला लावून खरेदीदाराला तिथूनच घ्यायला सांगा. कमिशन जातं, पण पेमेंटची तपासणी त्यांच्या गळ्यात पडते. थेटच करायचं असेल तर नव्या खरेदीदाराकडून कार्ड आणि पेपाल नको, वायर घ्या, आणि ट्रान्सफरऐवजी आपल्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडायला लावून पुश करा.

हप्त्यांनी विकत असाल तर शेवटचा हप्ता येईपर्यंत नोंदणी आपल्याच नावावर ठेवा किंवा एस्क्रो कंपनीच्या होल्डिंगमध्ये ठेवा. खरेदीदाराला फक्त डीएनएस (डोमेन कुठल्या साइटकडे न्यायचं ते ठरवणारी नोंद) बदलून द्या. आणि करारात एक ओळ घाला, की त्या काळात डोमेनवरून स्पॅम किंवा फिशिंग झालं तर डीएनएस त्याच दिवशी बंद होईल. हप्ता बुडाल्यावर डोमेन परत मिळतं, पण ब्लॅकलिस्टमध्ये गेलेलं डोमेन पुन्हा विकायला जीव मेटाकुटीला येतो.